फारसीचा रकाना

त्या सोमवारी वर्गात कागद फिरला. कागदावर संस्कृत आणि फारसी असे रकाने होते. माझ्या मित्राने फारसीच्या रकान्यात नाव लिहिले. मी त्याला तसे सांगितले होते. आदल्या दिवशी जेवताना माझ्या वडिलांनी मला सांगितले होते की त्याने संस्कृत घ्यावे.

एवढेच घडले. कागद पुढच्या बाकावर गेला, तास संपला, आम्ही पाणी प्यायला गेलो. लढाई सुरू झाल्यानंतरचा तो पहिला जून, १९४० सालचा. आम्ही नगरच्या हायस्कुलात इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, होतो आणि त्या वर्षापासून दोहोंपैकी एक भाषा घ्यावी लागे. बहुतेक मुले विचार न करता संस्कृत लिहीत. मुसलमान मुले फारसी लिहीत. माझ्या मित्राने मात्र आठवडाभर विचार केला होता.

तो नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी शेती होती, बैल होते, खाऊन पिऊन ठीक होते. शिकणारा घराण्यात तो पहिलाच. नगरात तो आणखी दोन विद्यार्थ्यांबरोबर एका खोलीत राही. त्याचे वडील घोडेगावच्या बाजाराला आले की कधी कधी तिथून नगरला येत, भाकऱ्या आणि ठेच्याचे गाडगे घेऊन. तो त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबा म्हणे. ते मला भाऊ म्हणत आणि वयाने एवढे मोठे असून अहोजाहो करत, कारण माझे वडील कचेरीत कारकून होते.

कचेरी हा आबांच्या मनातला सल होता. त्यांच्या बांधालगतची एक पट्टी चुलतभावाच्या नावावर लागली होती. कशी लागली हे विचारायला ते तीनदा कचेरीत गेले, आणि तिन्ही वेळा कुणीतरी कागद भरभर वाचून मिटवून ठेवला. तेव्हापासून त्यांनी ठरवले होते की आपला एक माणूस आत बसला पाहिजे.

“भाऊ, तिथला कागद ऐकलाय का कदी?” खोलीच्या उंबऱ्यावर बसून ते मला म्हणाले होते. “जमाबंदी, कब्जेदार, दस्तऐवज, तगाई. ह्यातला एक तरी शबूद आमच्या पोथीतला हाय का? समदे त्यांच्या बोलीतले. मंग ज्याला ती बोली येती, त्यालाच आत बसवत्याल का न्हाई?”

“आबा, तुम्ही वकीलच व्हायला पाहिजे होतं,” मित्र म्हणाला.

“तू हो आदी कारकून. मंग मी व्हतो वकील.”

त्यांची समजूत चुकीची होती. पण आजही मला ती वेडेपणाची वाटत नाही. ज्याने कचेरी फक्त कानाने पाहिली आहे, तो दुसरे काय समजणार?

आबा गेल्यावर मित्र मला म्हणाला, “त्यांचं बरोबर असेलही. पण तू तुझ्या वडिलांना विचार. ते आतलेच आहेत. ते म्हणतील ते मी घेतो.”

मी विचारले. वडील आमटीत भात कालवत होते. ते हसले. “फारसी? ती केव्हाच गेली. शब्द राहिलेत, भाषा नाही राहिली. कचेरीत आता इंग्रजी लागतं, वळणदार अक्षर लागतं आणि कुणीतरी ओळखीचं लागतं. त्याला म्हणावं, संस्कृत घे. डोकं चांगलं आहे त्याचं.”

डोकं चांगलं आहे, हे मला माहीत होते. श्लोक दोनदा ऐकला की त्याला पाठ होई. मी तोच श्लोक चार दिवस घोकत असे. आणि आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक काचेचे कपाट होते. संस्कृतात वर्गात पहिल्या येणाऱ्याला वर्षअखेर त्या कपाटातले एक पुस्तक आपल्या हाताने निवडून घेता येई. दुसऱ्या विषयांना नुसते प्रशस्तिपत्र मिळे. कपाटाला कुलूप असे. मधल्या सुट्टीत मी त्या काचेपुढे उभा राहून पुस्तकांच्या पाठींवरची नावे वाचत असे. खेळात मला कुणी घेत नसे, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नसे. मला ते कपाट हवे होते.

सकाळी शाळेच्या फाटकाशीच त्याने विचारले, “काय म्हणाले?”

“फारसी म्हणाले.”

“नक्की?”

“कचेरीत तीच लागते म्हणाले.”

“म्हणजे आबा जिंकले,” तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

फारसीचा वर्ग तालीमखान्याशेजारच्या अडगळीच्या खोलीत भरे. पाच मुले आणि एक वयस्कर मौलवी. खोलीत मोडके डंबेल्स आणि जुने नकाशे पडलेले असत. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ती खोली दिसे. आम्ही रूपे म्हणत असताना तो उजवीकडून डावीकडे लिहीत असलेला मला दिसे. पहिल्या सहामाहीतच मौलवींनी त्याला स्वतःचा बोरू दिला. बोरू कानावर ठेवून तो वर्गात येई तेव्हा मुले त्याला ‘काजीसाहेब, सलाम’ म्हणत. तोही कपाळाला हात लावून सलाम परत करी. फारसीबरोबर मौलवींनी त्याला उर्दूही शिकवून टाकली. तो एकदा म्हणाला की अक्षर एकच, घर दुसरे, एवढाच फरक आहे.

मी संस्कृतात लागोपाठ तीन वर्षे पहिला आलो. कपाट तीनदा उघडले गेले. तिसऱ्या वेळी पुस्तक घेऊन बाहेर आलो तेव्हा तो फाटकाशी माझी वाट पाहत होता. पुस्तक हातात घेऊन त्याने पाने चाळली आणि मला म्हणाला, “वाचून दाखव काहीतरी.” मी चार ओळी वाचल्या. त्याने त्या तिथेच मला म्हणून दाखवल्या, न चुकता.

मॅट्रिक झालो तेव्हा लढाई चालूच होती. तो कचेरीत गेला. काय झाले ते त्यानेच मला संध्याकाळी हसत सांगितले. हेडक्लार्कने सर्टिफिकेट वर धरून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे विचारले होते, “फारसी? बादशहाला अर्ज लिहायचाय का?” मग स्वतःच म्हणाला, “पढे फारसी, बेचे तेल!” सगळी टेबले हसली. मागचे उमेदवार त्याला बाजूला सारून पुढे गेले.

“तुझे वडील तिथंच बसले होते,” तो म्हणाला. “मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.”

“का?”

“त्यांनीच सांगितलं होतं ना फारसी घे म्हणून. चुकतो माणूस. चार माणसांत त्यांना ओशाळल्यासारखं व्हायला नको.”

 त्याच दिवशी वडीलही मला म्हणाले, “तुझा मित्र आला होता. फारसी घेतलेली. मी तुला सांगितलं होतं ना?”

“त्याच्या वडिलांनी हट्ट धरला,” मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. पुढे विचारले नाही. महिनाभराने त्यांनी हेडक्लार्कजवळ माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी कचेरीत लागलो. माझे संस्कृत कुणी विचारले नाही. कोणता विषय घेतला होता हेही विचारले नाही. माझ्यापुढे फेरफाराचे कागद आले आणि मी जमाबंदी, कब्जेदार, दस्तऐवज हे शब्द वळणदार अक्षरात लिहू लागलो. त्याच्या विषयातले शब्द. पहिल्या दिवशी हे लक्षात आले तेव्हा माझा टाक थांबला. शेजारचे कारकून म्हणाले, “काय झालं? दौत आटली का?”

त्याला भिंगारला लष्करी डेपोत काम मिळाले, आलेले सामान उतरवून घेण्याचे. पोती, ताडपत्र्या, टायर. तिथे मॅट्रिकची गरज नव्हती, पाठीची होती. पण छावणीत तेव्हा पंजाबकडच्या पलटणी होत्या. एकदा मालगाडीजवळ एक शिपाई घरून आलेले पत्र हातात घेऊन उभा होता. मित्राने सहज त्यावरचा उर्दू पत्ता मोठ्याने वाचला. शिपायाने त्याचे मनगट धरले आणि त्याला तिथेच खाली बसवले.

पलटणीत पत्र वाचणारा मुन्शी होता. पण तो त्यांच्याच मुलखातला. बायकोचे पत्र त्याने वाचले की महिन्याभरात गावाला कळे. माझा मित्र परका होता, म्हणून त्यांना सोयीचा होता. दर रविवारी तो भिंगारच्या एका चहाच्या हॉटेलाबाहेर लिंबाखाली बाकडे टाकून बसू लागला. पत्रे वाचायची, उत्तरे लिहायची. पुढे पुढे काही शिपाई घरची पत्रे त्याच्याच पत्त्यावर मागवू लागले. ते त्याला मुन्शीजी म्हणत.

मी रविवारी तिथे जाऊन बसत असे. दर वेळी ठरवून जाई की आज सांगायचे. सायकलवर वाक्ये जुळवी. पोहोचलो की तो म्हणे, “बस. चहा येतोय,” आणि पुढचे पत्र उघडी.

पत्र हातात आले की तो आधी त्याच्या चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवी. आपल्याकडे मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, म्हणजे घेणाऱ्याने हातपाय धुण्याआधी, जेवायला बसण्याआधी सावध व्हावे. तिकडेही तीच रीत होती. “आधी कोपरे बघायचे,” तो मला म्हणाला. “मग सगळं मनात वाचून घ्यायचं. मग तोंड उघडायचं. आणि ज्याचं असेल त्यालाच सांगायचं, दुसऱ्याला नाही.”

एका रविवारी एक उंच शिपाई आला आणि बाकड्याच्या टोकाला बसला. त्याची पाळी आली की तो म्हणे, “पहले इनका पढो,” आणि मागच्याला पुढे करी. तीन चार वेळा असे झाले. शेवटी सगळे गेले. तेव्हा त्याने खिशातून कार्ड काढले. कोपरा नव्हता. कार्ड दोन दिवस खिशात होते, घामाने मऊ पडले होते. त्याला वाचता येत नव्हते, पण कोपरा कळला होता. फक्त कोण, एवढेच कळायचे होते.

मित्राने कार्ड मनात वाचले. मग उठून त्याच्या खांद्याला हात लावला आणि दोघे रस्त्याने चालू लागले. मी बाकड्यावरून पाहत होतो. बरेच पुढे गेल्यावर शिपाई थांबला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. मित्र त्याच्या बाजूला उभा होता. तो परत आला तेव्हा त्याचा चहा गार झाला होता. तो तसाच प्याला.

“कोण?” मी विचारले.

“सांगितलं ना, ज्याचं त्यालाच.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “तुला एक सांगू? तू त्या दिवशी वडिलांना विचारून आलास ते बरं केलंस. कचेरी गेली, जाऊ दे. मुन्शी तर झालो. संस्कृत घेतलं असतं तर आज इथं नुसती पोती उचलत असतो.”

तो टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येत नसत. सांगायचे होते ते मी त्या दिवशी सांगितले असते तर तो कदाचित हसला असता. कदाचित नसताही. मी सायकल घेतली आणि नगरला परत आलो. पुढे काही रविवार मी गेलोच नाही.

लढाई संपली. मग फाळणी झाली. पलटणींची वाटणी झाली, आणि त्याचे बरेचसे शिपाई आगगाडीत बसून सीमेपलीकडे गेले. जाताना बाकड्यापाशी येऊन त्याला मिठ्या मारून गेले. पुढचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. पण त्यांच्या घरच्यांना हे कुठे ठाऊक? पत्रे येत राहिली, नगरच्या त्याच्या खोलीवर, ज्यांना वाचून दाखवायची ती माणसे गेल्यावरही. आधी आठवड्याला दोन-तीन, मग महिन्याला एखादे.

त्यातले एक कार्ड कोपरा फाडलेले होते.

त्या दिवशी तो कचेरीत माझ्या टेबलाशी आला. एरवी तो कचेरीत पाऊल टाकत नसे. “पलटण कुठं गेली हे सरकारला माहीत असणार ना?” त्याने विचारले. “त्याला कळायला पाहिजे रे. त्याच्या घरी काय झालंय ते त्याला माहीत नाही. तो तिकडं कुठंतरी जेवत असेल, हसत असेल.”

हेडक्लार्क टेबलावरून म्हणाला, “काय बादशहा, आता कुणाला अर्ज?”

मित्राने त्याच्याकडे पाहिले नाही. मी वडिलांना विचारले, वडिलांनी आणखी कुणाला विचारले. काही निघाले नाही. मित्राने ते कार्ड पाकिटात घालून अंदाजाने एका ठिकाणी पाठवले. दोन महिन्यांनी ते शिक्के बसून परत आले. मग दुसरीकडे पाठवले. तिकडूनही परत आले. डेपोतली माणसे कमी झाली, त्यात तोही कमी झाला. सगळी पत्रे शाळेच्या पत्र्याच्या पेटीत भरून तो गावी गेला. मोटार सुटताना खिडकीतून मला म्हणाला, “पोस्टात सांगून ठेवलंय, आली तर गावाकडं पाठवा म्हणून.” मी मान हलवली. सांगायचे होते ते त्याही वेळी राहिले.

पुढच्या पावसाळ्यात कचेरीतल्या शिपायाने माझ्या टेबलावर टपाल ठेवले. मला सवय लागली होती. अक्षराआधी मी कोपरा पाहिला. कार्ड त्याच्या गावच्या शाळामास्तरांनी लिहिले होते. विषमज्वराने तो एकविसाव्या दिवशी गेला होता.

दिवस झाल्यावर आबा आले. डोक्यावर ती पेटी होती. ओसरीवर पेटी ठेवून ते जमिनीवरच बसले. मी आतून चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

“भाऊ, ह्ये तुमी ठेवा,” ते म्हणाले. “आमच्यात कुनाला वाचाया येत न्हाई. ताप चढला तवा बी त्यो हेच म्हनत हुता, कार्ड पोचलं का, कार्ड पोचलं का. आमाला काय कळंना.”

त्यांनी पेटी उघडली. पत्रे सुतळीने बांधलेली होती. त्यांनी एक ओढून माझ्यापुढे धरले. “एखादं वाचा की. त्याचा आवाज ग्येला. त्यो वाचत काय हुता, त्ये तरी कानावर पडू द्या.”

“आबा, मला येत नाही.”

“काय येत न्हाई?”

“ही भाषा. मी संस्कृत घेतलं होतं.”

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. “तुमी त्याला फारशी सांगितली, आन् आपन दुसरं घेतलं?”

“हो.”

“कशापायी?”

सायकलवर जुळवलेली वाक्ये मला एकही आठवली नाही. मी म्हणालो, “माझ्या वडिलांनी सांगितलं होतं की त्याला संस्कृत घेऊ दे. मी त्याला उलट सांगितलं. तो संस्कृताला आला असता तर पहिला नंबर त्याचा आला असता. तो मला पाहिजे होता.”

आबांनी पत्र पुन्हा सुतळीखाली सरकवले. त्यांना ते जमायला वेळ लागला. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो.

“पैला आला असता?” त्यांनी विचारले.

“हो.”

“तुमच्या म्होरं?”

“माझ्या पुढं.”

“मास्तर कदी बोल्ले न्हाईत तसं.”

“त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.”

ते उठले. ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी जोडा घातला आणि पाठमोरेच विचारले, “मंग कचेरीत तरी घेत्ला असता का?”

“नाही. तिथं विषय कुणी विचारत नाही.”

“व्हय,” ते म्हणाले. “मंग ऱ्हाऊ द्या.” फाटकाशी जाऊन ते वळले. “त्याच्या आईला सांगतो. पैला आला असता म्हून.”

ते गेले. चहा ओसरीवर तसाच होता. त्यानंतर ते बाजाराला येत असतील, पण आमच्याकडे आले नाहीत.

एकदा मी पेटीतले ते कोपरा फाडलेले कार्ड घेऊन एका मशिदीच्या दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी वाचून दाखवले असते. दारात त्याचे शब्द आठवले, ज्याचे त्यालाच. मी परत फिरलो.

मी अजून कचेरीत आहे. हातात आलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांवरून माझे बोट फिरते. घरी फळीवर बक्षिसाची तीन पुस्तके आहेत. फळीखाली पेटी आहे. पेटीत एकतीस पत्रे आहेत, त्यांतल्या एकाचा कोपरा फाडलेला आहे. मला ती वाचता येत नाहीत.